कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि बेळगावचे सायकलचे दुकान

समुद्रकाठच्या आपल्या रायगड जिल्ह्यात सायकल कशी असते हे ठाऊक नाही असे मूल सापडावयाचे नाही. मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूडपर्यंतच्या रस्त्याने पहाटे पाववाला जातो तो सायकलवर, आणि घंटा होण्याच्या बेतात असता धापा टाकीत विद्यार्थी येतो तोही सायकलवरच. खाऱ्या वाऱ्याने तिची साखळी गंजते, पुळणीवर चाक रुतते, पावसाळ्यात ब्रेक लागेनासे होतात. तथापि तिला कोणी टाकून देत नाही. अतिपरिचयामुळे तिच्याविषयीचे कुतूहल मात्र नाहीसे झाले आहे. ती एक यंत्र आहे ह्याचेच आपणांस विस्मरण पडले आहे. ज्या गृहस्थांचे चरित्र येथे सांगावयाचे योजिले आहे, त्यांच्या तरुणपणी आपल्याकडे सायकल ही हत्तीपेक्षाही दुर्मीळ होती. तिचा व्यापार करता करता ते यंत्रांच्या मागे लागले आणि महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचे एक आद्य प्रवर्तक ठरले. ते गृहस्थ म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घराणे मूळचे मालवण तालुक्यातील किर्लोस गावचे, म्हणून आडनाव किर्लोस्कर. तेव्हा आपण कोकणच्या लोकांनी त्यांच्यावर थोडासा हक्क सांगितला तर तो अनाठायी होणार नाही. संगीत नाटकांमुळे घरोघर ज्यांचे नाव झाले ते अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गुर्लहोसूरचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. अशा घरातील मुलाने शास्त्र पढावे, निदान इंग्रजी शिकून कचेरीत कारकुनी तरी धरावी, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. परंतु या मुलाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे या दोनच गोष्टींची त्याला गोडी. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या माणसाला असा मुलगा पहिल्या दिवसापासून ओळखू येतो. मागल्या बाकावर बसून तो वहीच्या कडेला चाके काढीत असतो आणि परीक्षेच्या निकालात त्याचे नाव शोधावे लागते. वडिलांना हा ओढा रुचला नाही. परंतु थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस जाऊन सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

येथे पहिला आघात झाला. दोन वर्षे शिकल्यावर असे आढळून आले की, त्यांना काही रंगांतील भेद नीटसा कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मनुष्याला याहून मोठे संकट ते कोणते? घरच्यांचा रोष पत्करून ज्या विद्येसाठी मुंबई गाठली, तिचाच दरवाजा डोळ्यांच्या दोषामुळे बंद झाला. तेव्हा त्यांचे वय अठराच्या आसपास होते. परंतु रेघ आणि माप यांना रंगाची गरज नसते. कलाशाळेतच त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या साध्य केली होती. तिच्या बळावर त्यांना मुंबईच्या नव्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. हीच संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने माटुंग्यास चालते. तेथे ते रेखाचित्रण शिकवीत, पुढे वाफेच्या एंजिनाचा विषयही शिकवू लागले. आणि शिकविण्यातून मोकळे झाले की संस्थेच्या कारखान्यात जाऊन स्वतः हात काळे करून घेत. गुरुजी होऊन विद्यार्थ्याचे काम सोडले नाही, हे मला त्यांच्या चरित्रातील एक मोठे बळ वाटते.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल दिसू लागली होती. ती आज दिसते तशी एकदम जन्मास आली असे मात्र नाही. तिच्या घडणीची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस नावाच्या सरदाराने दोन लाकडी चाकांची एक गाडी केली. तिला पायडल नव्हते. वर बसावे आणि पायांनी जमीन मागे लोटीत चालावे, असा तो प्रकार होता. पुढे १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढल्या चाकाला पायडले बसविण्यात आली. पण त्यात एक अडचण होती. पायडलाचा एक फेरा झाला की चाकाचाही एकच फेरा व्हावयाचा. म्हणून वेग वाढविण्यासाठी पुढले चाक मोठमोठे होत गेले, इतके की स्वार पुरुषभर उंचीवर बसू लागला आणि दगडाला चाक अडले की डोक्यावर आपटू लागला. ही सायकल धाडसी तरुणांचे खेळणे होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, स्त्रियांना किंवा कामाला जाणाऱ्या गरिबाला तिचा काडीइतका उपयोग नव्हता.

ही अडचण साखळीने दूर केली. पायडलाशी मोठे दातेरी चाक, मागल्या चाकाशी लहान दातेरी चाक आणि दोहोंना जोडणारी साखळी अशी योजना केली म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन-तीन फेरे होतात; मग चाक उंच असण्याचे कारणच उरत नाही. इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली आणि मागले चाक साखळीने फिरणारी रोव्हर सायकल विक्रीस आणली. आज आपण जिच्यावर बसतो तिची मुख्य आकृती तीच. मग १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेने भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल फरसबंदी रस्त्यावर फार हादरे देई, म्हणून त्यांनी हा उपाय केला होता. त्याआधी भरीव रबराच्या धावेवर बसून हाडे खिळखिळी होत. लहान चाक आणि हवेचा टायर या दोन गोष्टींनी सायकल खेळण्याची वस्तू न राहता वाहन झाली.

१८८८ हेच साल किर्लोस्करांच्या व्यवसायाचे जन्मवर्ष मानले जाते. लक्ष्मणराव स्वतः सायकल चालविण्यास शिकले. त्यांच्या ध्यानात आले की, या वस्तूचा व्यापार करता येईल. रामूअण्णा बेळगावास होते. तेव्हा मुंबईत सायकली विकत घ्याव्यात, बेळगावास पाठवाव्यात आणि तेथे रामूअण्णांनी त्या विकाव्यात, असा दोघा भावांनी घाट घातला. दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स. किंमत ऐकून विद्यार्थी आश्चर्य करतील. एका सायकलला सातशे ते हजार रुपये पडत. आणि ती चालविण्यास शिकविण्याची फी पंधरा रुपये वेगळी! मोलमजुरी करणाऱ्या गड्याला त्या काळी महिनाभर राबूनही पंधरा रुपये मिळत नसत. अर्थात गिऱ्हाइके म्हणजे बडे अधिकारी, वकील आणि सधन मंडळी. दोन चाकांवर माणूस तोल सांभाळतो हेच तेव्हा नवल होते, त्यामुळे शिकवणीची फी कोणाला जड वाटली नसावी.

सायकल विकली म्हणजे धंदा संपला असे होत नाही. बेळगावसारख्या ठिकाणी खडीचे रस्ते आणि बाभळीचे काटे. टायर फुटावयाचा, चाकाची तार तुटावयाची, छर्रे झिजावयाचे, साखळी सैल पडावयाची. विलायतेहून सुटा भाग यावयास महिनेच्या महिने लागत. म्हणजे विकणाऱ्याला दुरुस्त करणे भाग, आणि दुरुस्त करणाऱ्याला समजून घेणे भाग. सायकलीचा एक विशेष असा की, तिच्यात काहीच झाकलेले नसते. घड्याळ उघडावे लागते, एंजिनाच्या पोटात डोकावता येत नाही. परंतु सायकलीचे चाक, साखळी, दाते, कणा सारे डोळ्यांसमोर उघडे असते. कोठला भाग कशाने फिरतो हे चार वर्षांच्या मुलालाही बोटाने दाखविता येते. म्हणूनच सायकलीच्या दुकानांतून पुष्कळ यंत्रशिल्पी बाहेर पडले. अमेरिकेतील डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ साली सायकलीचे दुकान काढले आणि अकरा वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, विमान उडविले. त्यांच्याही आधी चार वर्षे बेळगावात दोन बंधूंनी तसलेच दुकान मांडले होते. त्यांनी विमान केले नाही. जे केले ते आपल्या देशाला त्या वेळी अधिक निकडीचे होते.

लक्ष्मणराव मुंबईत शिकवीत होते आणि दुकान बेळगावात चालले होते, असा दुहेरी संसार काही वर्षे चालला. पुढे संस्थेत वरच्या जागेवर नेमणूक करण्याची वेळ आली. त्या जागेवर हक्क लक्ष्मणरावांचा होता, ती दिली गेली एका अँग्लो-इंडियन गृहस्थास. राज्य परक्यांचे होते आणि असल्या गोष्टी रोज घडत. पुष्कळांनी त्या निमूट गिळल्या. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास गेले. पक्की सरकारमान्य नोकरी सोडून सायकलीच्या दुकानात येऊन बसणे हे त्या काळच्या मध्यमवर्गात वेडेपणाचेच लक्षण मानले गेले असेल. आजच्या पालकांनाही ते फारसे वेगळे वाटेल असे नाही.

दुकानात आता नुसत्या सायकली राहिल्या नाहीत. अमेरिकन बनावटीच्या पवनचक्क्या मागवून त्या उभारून देण्याचे काम त्यांनी केले. लहानसा कारखाना घातला आणि जनावरांची वैरण कापण्याची यंत्रे बनविली. मग नजर गेली नांगराकडे. आपला लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. विलायती लोखंडी नांगर माती खोलवर उलथून टाकतो, पण त्याची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर. तसाच नांगर येथे, आपल्या बैलांना झेपेल असा, ओतून तयार करावयाचा असे लक्ष्मणरावांनी ठरविले व विसाव्या शतकाच्या आरंभी तो तयारही केला. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते आणि ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिले नांगर विकले जावयास दोन वर्षे लागली. ज्या माणसाने हजार रुपयांची सायकल विकली होती, त्याला काही रुपयांचा नांगर विकता येईना! कारण उघड आहे. सायकल घेणारा हौसेने घेई. नांगर घेणाऱ्याचे सारे वर्षाचे अन्न पणाला लागलेले असे. त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. माझ्या मते तो अडाणी नव्हता, तो भ्यालेला होता. आणि त्याचे भय व्याख्यानाने जाणारे नव्हते. शेजारच्या शेतात नांगर चालून पीक वाढलेले दिसले तेव्हाच ते गेले.

नांगरांना मागणी येऊ लागते न लागते तोच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढविण्यासाठी कारखान्याची जागा मागितली. उभा केलेला डाव मोडला. नवी जागा घ्यावयास पैसा नव्हता. अशा वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. औंधास एक सभागृह बांधून देण्याचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. कारखाना उठत असल्याचे राजेसाहेबांस कळताच त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले आणि कर्जाऊ रक्कमही दिली. कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ पसंत करण्यात आला. तेथे निवडुंग माजला होता व नागांचा सुळसुळाट होता, पाण्याचीही टंचाई. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह तेथे राहावयास आले. त्यांच्यापैकी फार थोड्यांना यंत्रविद्या पुस्तकांतून आली होती. बहुतेकांना ती लक्ष्मणरावांशेजारी उभे राहून आली.

या वसाहतीच्या दोन गोष्टी मला कारखान्याच्या उत्पादनाहूनही मोठ्या वाटतात. लक्ष्मणरावांनी तेथे अस्पृश्यतेला थारा दिला नाही. ही गोष्ट गावोगाव पाणवठे वेगळे असण्याच्या काळातील आहे. आणि तुरुंगातून शिक्षा भोगून सुटलेल्या, ज्यांना गावात कोणी उभे करीत नसे, अशा माणसांना त्यांनी कामावर घेतले व रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. ज्याच्यावर चोरीचा शिक्का त्याच्याच हाती किल्ल्या! विश्वास टाकल्याने माणूस बदलतो असे आपण वर्गात शिकवितो. तेथे तो प्रयोग रोज रात्री चालला होता, आणि फसला असता तर सारा कारखानाच धोक्यात होता.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा माल वाडीतून बाहेर पडू लागला. १९२० साली मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढे नामांकित मासिक झाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली पदवी घेऊन आले आणि हरिहर, बंगळूर, पुणे येथे मोठमोठे कारखाने उभे राहिले. शाळेच्या पुस्तकांत ज्याचे मन रमले नाही त्याचा मुलगा जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाचा पदवीधर झाला!

आता एक प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. सायकलीने ज्यांना हात दिला त्यांनी स्वदेशी सायकल का बनविली नाही? मला जे उत्तर दिसते ते असे. सायकलीचा सांगाडा पातळ, पोकळ पोलादी नळ्यांचा असतो. तो हलका हवा, शिवाय माणसाच्या दुप्पट भाराखाली वाकता कामा नये. छर्रे आणि साखळी यांना तर केसाइतकेही माप चुकून चालत नाही. ओतीव लोखंडाच्या भट्टीत यांपैकी काहीच होत नाही. हिंदुस्थानात टाटांच्या कारखान्यात पहिले पोलाद निघाले ते १९१२ साली. सायकलीच्या नळ्या तर कितीतरी नंतर. नांगर मात्र ओतता येत होता आणि नांगराचे गिऱ्हाईक कोटींनी होते. लक्ष्मणरावांनी आपल्या भट्टीला जे जमेल व शेताला जे लागेल ते केले, यात मला त्यांचा विवेक दिसतो.

तोवर इंग्लंडहून येणाऱ्या सायकलींनी देश भरून गेला. किंमत उतरत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शिक्षक, टपालवाले, गिरणी-कामगार, दूधवाले सायकलवर दिसू लागले. पुणे तर सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्धच झाले. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा, डबलसीट दिसली की शिपायाची शिटी, आणि ज्याला विकत घेणे परवडत नसे त्याला तासाच्या भाड्याने सायकल, ही सारी मौज आमच्या आधीच्या पिढीने भोगली. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. आपल्या देशात सायकली मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या त्या स्वातंत्र्याच्या आगेमागे. मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ साली, सोनीपत येथे १९५१ साली, लुधियाना येथे १९५६ साली कारखाने निघाले. त्यांपैकी सोनीपतच्या ॲटलासने जून २०२० मध्ये अखेरचा कारखाना बंद केला. लुधियानाची हिरो मात्र जगातील सर्वांत मोठ्या सायकल-कारखानदारांत गणली जाते.

आज सायकलला वीस-वीस गिअर असतात, तारेच्या ब्रेकांच्या जागी चकतीचे ब्रेक आले, सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनच्या धाग्यांचा झाला, आणि काही सायकलींना विजेची मोटर जोडलेली असते. मुंबईची हौशी मंडळी भाऊच्या धक्क्यावरून सायकलींसह बोटीत बसून मांडव्यास उतरतात आणि काशीद-मुरूडपर्यंत पायडल मारीत जातात. त्यांच्या एकेका सायकलची किंमत ऐकली म्हणजे बेळगावच्या दुकानातील हजार रुपयांची आठवण होते. तथापि त्यांची महागडी सायकल आणि पाववाल्याची जुनी सायकल शेजारी उभ्या करून पाहिल्या तर दोन्हींची आकृती स्टार्लीच्या रोव्हरचीच आहे, आणि तार तुटली की दोघांनाही त्याच पंक्चरवाल्याच्या दारात बसावे लागते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, निवर्तले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव किर्लोस्करवाडी झाले आहे. आणि बेळगावात जेथे रामूअण्णांनी गिऱ्हाइकांना पंधरा रुपयांत तोल सांभाळावयास शिकविले, तेथल्या रस्त्याला लोक किर्लोस्कर रोड म्हणतात.